स्लो उतरत नाही? आधी हवेची चोरवाट शोधा, स्क्रूला हात शेवटी

गाडी न्यूट्रलला उभी आहे, पाय पेडलवर नाही, आणि तरी इंजिन कुणी रेस दिल्यासारखं घोंगावतंय. गॅरेजच्या भाषेत ‘स्लो वाढलाय’. यावर पहिला उपाय बहुतेक वेळा स्क्रू ड्रायव्हरचाच होतो. थ्रॉटलचा स्क्रू अर्धा फेरा मागे, स्लो खाली, चला निघा. चार दिवसांनी थंड इंजिन सकाळी बंद पडायला लागतं, एसी लावला की गाडी थरथरते, मग तोच स्क्रू पुन्हा पुढे. दोष होता तिथेच, वर कंपनीचं मूळ सेटिंगही गेलं.

हे मार्गदर्शन कोकणात चालणाऱ्या, पंधरा-वीस वर्षं किंवा त्याहून जुन्या पेट्रोल गाड्यांसाठी आहे. कार्बोरेटरची मारुती ८०० आणि ओम्नी, आणि २००० सालाच्या आसपास आलेल्या एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. डिझेलचं प्रकरण वेगळं, त्याबद्दल शेवटी थोडं.

पेट्रोल इंजिनाचा वेग ठरतो तो आत जाणाऱ्या हवेवर. पेडल सोडलं की थ्रॉटलमधली बटरफ्लाय, म्हणजे हवा अडवणारी गोल चकती, मिटते आणि हवेला ठरलेली बारीक वाटच उरते. स्लो वाढला याचा अर्थ जादा हवा आत शिरतेय. एक तर बटरफ्लाय पूर्ण मिटत नाही. नाही तर हवा तिला वळसा घालून फुटक्या नळीतून किंवा गॅस्केटमधून येते. किंवा मग ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) स्वतःच जादा हवा सोडतोय, कारण त्याला कुठला तरी सेन्सर खोटं सांगतोय. जुन्या डिस्ट्रिब्युटरवाल्या गाडीत (तो प्लगांना स्पार्क वाटतो) स्पार्कचं टायमिंग पुढे सरकलं तरी स्लो वाढतो, पण त्याची पाळी नंतर.

खरंच वाढलाय का?

थंड इंजिन सुरू केल्यावर १२०० ते १५०० आरपीएम असणं हा दोष नाही. तीन ते पाच मिनिटांत ते खाली आलं पाहिजे. कोकणात थंडी ती केवढी, त्यामुळे दहा मिनिटं झाली तरी इंजिन तसंच घोंगावत असेल तर हवामानाला बोल लावू नका.

मोजताना इंजिन पूर्ण गरम हवं. रेडिएटरचा पंखा एकदा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबा. एसी, हेडलाइट, मागच्या काचेचा डीफॉगर सगळं बंद. अशा स्थितीत तीन सिलिंडरच्या ७९६ सीसी इंजिनाला साधारण ८५० ते ९५०, चार सिलिंडरच्या इंजिनाला ७५० ते ९०० आरपीएम असावा. नेमका आकडा बोनेटच्या आत चिकटवलेल्या पट्टीवर किंवा सर्व्हिसच्या पुस्तकात असतो. पट्टी असेल तर तिचंच ऐका.

आरपीएमचा काटा नसलेल्या गाडीला प्लगच्या वायरीला गुंडाळायचा डिजिटल टॅकोमीटर स्वस्तात मिळतो. त्यात एक गफलत ठरलेली आहे. डिस्ट्रिब्युटर असलेल्या गाडीत एका प्लगला दोन फेऱ्यांत एकदा स्पार्क मिळतो, तर दोन प्लगांना मिळून एक कॉइल असलेल्या गाडीत दर फेरीला. मीटरचं सेटिंग उलट झालं तर ८०० चे १६०० दिसतात, आणि नसलेल्या दोषामागे अख्खा रविवार जातो.

आकड्याइतकीच वागणूक बघा, ती निम्मं निदान करून देते. स्लो कायम एकसारखा वाढलेला, समजा १४०० वर स्थिर, तर हवेची गळती किंवा उघडी राहिलेली बटरफ्लाय. पेडल सोडल्यावर दोन-चार सेकंद वर लटकतो आणि मग उतरतो, तर केबल, स्प्रिंग किंवा थ्रॉटलमधलं काजळीचं कीट. इंजिन गरम झालं तरी थंडीतल्यासारखाच राहतो, तर कूलंट, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे न सोडणारी झडप) किंवा तापमानाचा सेन्सर. आणि १००० ते १८०० असा सतत हेलकावत असेल तर गळती मोठी आहे असं समजा. ईसीएमला पेडल सोडलेलं दिसतं, पण वेग जास्त दिसतो, म्हणून तो पेट्रोल तोडतो. वेग पडला की पुन्हा देतो, गळतीमुळे वेग पुन्हा चढतो, तो पुन्हा तोडतो. त्यात ईसीएमचा काही दोष नाही.

हाताशी काय ठेवायचं

चांगला टॉर्च, ८, १० आणि १२ नंबरचे पाने, चोचीची पकड, मल्टिमीटर, थ्रॉटल बॉडी क्लीनरचा डबा, साबणाच्या पाण्याची फवारणीची बाटली, जुना टूथब्रश, १०० डिग्रीपर्यंतचा थर्मामीटर आणि व्हॅक्यूमची नळी मीटरभर. नळी घेताना जुन्या नळीचा तुकडा सोबत न्या. शिवाय साधारण १० बाय १० सेंटिमीटरचा प्लायवूडचा तुकडा, त्याच्या एका बाजूला सायकलच्या ट्यूबचं रबर चिकटवून. तो कशाला ते पुढे कळेल.

गाडी उघड्यावर घ्या. पावसात बंद पडवीत किंवा शटर ओढलेल्या गाळ्यात इंजिन चालवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हँडब्रेक ओढा, चाकांना जांभ्याचे दगड लावा, गळ्यातलं-हातातलं काही लोंबत ठेवू नका, कारण रेडिएटरचा पंखा न सांगता सुरू होतो. गळती शोधायला उदबत्तीचा धूर फिरवायचा सल्ला मिळेल. पेट्रोलच्या नळ्यांशेजारी निखारा नको.

पहिली पायरी: पेडल, केबल, बटरफ्लाय

आधी पेडलखाली वाका. पावसाळ्यात घातलेला जादा रबरी मॅट किंवा काथ्याचं पायपुसणं पुढे सरकून पेडलला टेकलेलं असतं. हसू नका, बघा.

मग बोनेट उघडून थ्रॉटलच्या चाकाशी केबल बोटाने दाबून पाहा. इंजिन बंद असताना ३ ते ५ मिलिमीटर ढील हवी. ताठ असेल तर केबल ओढून धरतेय. आता इंजिन सुरू करा आणि केबलचं टोक चाकावरून काढा. आरपीएम लगेच खाली आला तर दोष केबलमध्ये, पुढचं काही वाचायची गरज नाही. मालवण, देवगड, हर्णैसारख्या अगदी किनाऱ्यावरच्या गावांत खारा वारा केबलच्या आवरणात शिरून तारेला गंज चढवतो. तिला ऑइल-ग्रीस पाजून महिनाभर निघतो खरा, पण ग्रीसला लाल धूळ चिकटते आणि आत मेणासारखा लगदा होतो. जी केबल एकदा अडकली ती बदलायची. घाटात उतरताना अडकलेली केबल म्हणजे ब्रेक दाबलेला आणि रेसही दिलेली.

केबल काढूनही फरक नाही? मग थ्रॉटलचा लिव्हर बोटाने मिटायच्या दिशेने हलकेच ढकला. वेग उतरला तर बटरफ्लाय मिटत नव्हती. कारण सहसा कडेला साचलेली काळी काजळी, थकलेली स्प्रिंग किंवा झिजलेला शाफ्ट. शाफ्ट वर-खाली हलवल्यावर टकटक लागत असेल तर हवा तिथूनही शिरते आणि साफसफाईने ती थांबणार नाही.

दुसरी पायरी: फळीची परीक्षा

एमपीएफआय गाडीच्या निदानात ही सगळ्यात कामाची पायरी, आणि खर्च शून्य. एअर फिल्टरकडून येणारा जाड पाइप थ्रॉटल बॉडीवरून काढा. इंजिन गरम आणि सुरू. आता प्लायवूडची रबरी बाजू थ्रॉटलच्या तोंडावर घट्ट दाबा. तळहात लावू नका आणि चिंधी तर अजिबात नको, ती आत ओढली जाते. चेहरा तोंडासमोर नको, क्वचित आतून भडका उलटा येतो.

इंजिन दोन सेकंदांत गुदमरून बंद पडलं तर सगळी हवा थ्रॉटल बॉडीतूनच जात होती. बाहेर गळती नाही. फळी लावूनही इंजिन आरामात चालू राहिलं तर हवा दुसऱ्या वाटेने येतेय आणि आता नळ्या शोधायच्या आहेत.

बंद पडलं असेल तर पुढचा भाग करा. थ्रॉटलच्या तोंडात बटरफ्लायच्या अलीकडे एक छोटं भोक असतं, ती स्लोची हवा सांभाळणाऱ्या आयएसी व्हॉल्व्हची वाट. इंजिन सुरू करून तेवढंच भोक रबराच्या बुचाने बंद करा. बूच भोकापेक्षा मोठं आणि दोऱ्याला बांधलेलं असू द्या. वेग धाडकन पडला तर जादा हवा आयएसीतून येत होती. काहीच फरक नाही तर बटरफ्लाय उघडी आहे, परत पहिल्या पायरीवर.

जाड पाइपात हवा मोजणारा सेन्सर असलेल्या गाड्यांत पाइप काढताच इंजिन बंद पडतं, तिथे ही परीक्षा चालत नाही. त्यांचं वागणंही वेगळं. त्या प्रकारात फुटक्या नळीतली हवा मोजलीच जात नाही, म्हणून मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि इंजिन धडपडतं. जुन्या मारुतींमध्ये मॅनिफोल्डचा (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपांचा) दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. गळतीने दाब वाढला की ईसीएमला वाटतं इंजिन जास्त हवा घेतंय, तो पेट्रोलही तेवढंच वाढवतो, आणि इंजिन गोड आवाजात पळत राहतं. म्हणूनच ‘गाडी तर मस्त चालते, फक्त स्लो जास्त आहे’ असं सांगत लोक वर्षभर फिरतात.

तिसरी पायरी: नळ्यांची झडती

इनटेक मॅनिफोल्डपासून निघणारी प्रत्येक नळी बोटाने टोकापर्यंत चाचपा. रबर टोकाशी आधी कडक होतं आणि तिथेच चिरतं, बऱ्याचदा खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला. टोकाचा सेंटिमीटरभर भाग कापून नळी पुन्हा चढवली तरी रस्त्यात काम भागतं. एमसील किंवा इन्सुलेशन टेप लावू नका. गरम झालं की सुटतं, आणि एमसीलचा सुटलेला तुकडा आत गेला तर व्हॉल्व्ह घेऊन जाईल.

कोकणात इथे उंदरांचा हिशेब वेगळा धरा. मुंबईकर चाकरमान्याची गाडी गणपतीनंतर गावी पडवीत उभी राहिली आणि थेट शिमग्याला सुरू झाली तर बोनेटखाली भाताचा कोंडा, सुपारीची टरफलं आणि कुरतडलेली नळी हे ठरलेलं. पावसाळ्यात उंदीर उबेला इंजिनवरच येऊन बसतात. एअर फिल्टरचा डबाही उघडून बघा, त्यांना तिथे घर करायला आवडतं.

मग चिमट्याची परीक्षा. इंजिन सुरू ठेवून एकेक नळी कापड गुंडाळलेल्या पकडीने हलकेच दाबून बंद करा. जी दाबल्यावर आरपीएम उतरतो त्या फांदीवर गळती. क्रम असा ठेवा: ब्रेक बूस्टरची जाड नळी, पीसीव्हीची (इंजिनातली वाफ परत ओढून घेणाऱ्या व्हॉल्व्हची) नळी, टाकीची वाफ आणणारी पर्ज व्हॉल्व्हची नळी, एसीसाठी स्लो उचलणाऱ्या व्हॉल्व्हची नळी, फ्युएल प्रेशर रेग्युलेटरची बारीक नळी. रेग्युलेटरची नळी काढल्यावर तिच्यातून पेट्रोल ओघळलं तर आतला पडदा फाटलाय, रेग्युलेटर बदला. मॅप सेन्सरची नळी दाबू नका. ती बंद केली तर इंजिनाचा स्लो चुकीच्याच कारणाने बदलेल आणि तुम्ही फसाल. ती फक्त नजरेने तपासा.

ब्रेक बूस्टरची नळी दाबल्यावर वेग पडला तर काम तिथेच थांबवा आणि बूस्टर तपासा. इंजिन बंद करून ब्रेक चार-पाच वेळा मारा, पेडल कडक होईल. मग पेडल दाबून धरून इंजिन सुरू करा, पेडल थोडं खाली बसलं पाहिजे. बसलं नाही, किंवा ब्रेक दाबताच पायाशी फस्स असा आवाज आला, तर नळी, तिच्यातला एकेरी व्हॉल्व्ह किंवा बूस्टरचा पडदा गेलाय. ही गाडी आंबोली, कुंभार्ली किंवा करूळ घाटात न्यायची नाही. मग स्लो कितीही असो.

पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवा, टिकटिक वाजला पाहिजे. इंजिन सुरू असताना त्याच्या तोंडावर बोट ठेवा, ओढ लागते आणि आरपीएम किंचित उतरतो. किंचितच्या जागी दोन-तीनशेने उतरला तर तो उघडाच अडकलाय. पार्ट स्वस्त असतो, धुऊन वापरायच्या भानगडीत पडू नका.

नळ्या चांगल्या निघाल्या तर उरतात सांधे: मॅनिफोल्ड आणि हेडमधलं गॅस्केट, थ्रॉटल बॉडीचं गॅस्केट, इंजेक्टरच्या खालच्या ओ-रिंगा. साबणाचं पाणी एकेका सांध्यावर बारीक धारेने मारा आणि आवाज ऐका. पाणी गळतीच्या जागी क्षणभर बूच मारतं, आवाज बदलतो. डिस्ट्रिब्युटर, कॉइल आणि कनेक्टरवर पाणी जाऊ देऊ नका. कार्ब क्लीनर मारून शोधायची पद्धतही आहे, ती जास्त चटकन उत्तर देते. पण तो स्प्रे पेट घेतो आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड शेजारीच तापलेला असतो. मारायचाच तर सेकंदभर, आणि अग्निशामक हाताशी.

व्हॅक्यूम गेज मिळालं तर उत्तम. समुद्रसपाटीला धडधाकट इंजिन स्लोवर साधारण १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवतं आणि काटा स्थिर असतो. गळतीत तो खाली येतो. रत्नागिरीत मोजलेला आकडा आंबोलीत मोजलेल्याशी लावू नका. आंबोली सुमारे ६९० मीटर उंच आहे, तिथे तीच गाडी दोनेक इंच कमी दाखवेल.

चौथी पायरी: आयएसी आणि त्याची साफसफाई

आयएसी म्हणजे ईसीएमच्या हातातली हवेची तोटी. काजळीने ती उघडी अडकते. इंजिन बंद, बॅटरीची वजा वायर काढा, कनेक्टर सोडवा, दोन स्क्रू काढून व्हॉल्व्ह बाहेर घ्या. क्लीनर टूथब्रशवर घेऊन टोक आणि थ्रॉटलमधली वाट घासा. व्हॉल्व्हची मोटर क्लीनरमध्ये बुडवू नका आणि टोक हाताने ओढू-दाबू नका, आतला दातरा मोडतो. बसवताना ओ-रिंग नवीन. बटरफ्लायच्या कडेला काही गाड्यांत काळसर लेप कारखान्यातूनच दिलेला असतो, तो काजळी समजून खरवडला की कायमची फट पडते.

साफसफाईनंतर स्लो आणखी वाढला तर घाबरू नका. काजळीतून हवा कमी जायची म्हणून ईसीएमने तोटी जास्त उघडायची सवय लावून घेतली होती. वाट मोकळी झाली, सवय राहिली. बॅटरी पंधरा मिनिटं काढलेली ठेवा, मग पेडलला न शिवता इंजिन सुरू करा, पंखा येईपर्यंत तसंच चालू द्या, त्यानंतर दहा मिनिटं एसीशिवाय आणि पाच मिनिटं एसी लावून. ही शिकवणी बहुतेक जुन्या गाड्यांना पुरते. म्युझिक सिस्टिमला कोड असेल तर तो आधी शोधून ठेवा.

पाचवी पायरी: इंजिनाला थंडी का वाजते

पहिली चौकशी एकच: थर्मोस्टॅट जागेवर आहे का? घाटात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकायची रीत आपल्याकडे घट्ट बसलीय. तो काढला की कूलंट अखंड रेडिएटरमधून फिरतं, महामार्गावर वाऱ्याने इंजिन थंडच राहतं, आणि ईसीएम बिचारा थंड इंजिनासाठीचा स्लो आणि जादा पेट्रोल देत बसतो. घाटात तापण्याचं खरं कारण सहसा बुजलेला रेडिएटर, मेलेला पंखा किंवा गळका कॅप असतो. इंजिन सुरू केल्यावर वरचा रेडिएटर पाइप पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट नाही किंवा उघडा अडकलाय. चांगला असेल तर पाइप बराच वेळ गार राहून मग एकदम तापतो. काढून तपासायचा तर पातेल्यात पाणी, दोरीला टांगलेला थर्मोस्टॅट आणि थर्मामीटर. बहुतेक ८२ ते ८८ डिग्रीच्या आसपास उघडायला लागतात, आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो.

काही एमपीएफआय गाड्यांत आणि काही कार्बोरेटरांत थंडीतला स्लो मेणाच्या गोळीवर चालतो. गरम कूलंट तिच्याभोवती फिरलं की मेण फुगतं आणि जादा हवेची वाट बंद करतं. कूलंट कमी असेल, हवा अडकली असेल किंवा बारीक वाट गंजाने बुजली असेल तर गोळीपर्यंत ऊबच पोचत नाही. विहिरीचं पाणी वर्षानुवर्षं ओतलेल्या गाडीत हे हमखास. इंजिन गार असताना कॅप उघडून बघा. पाणी चहासारखं तांबूस असेल तर सिस्टिम धुऊन, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा.

यानंतर सेन्सर. काट्यासाठीचा वेगळा आणि ईसीएमसाठीचा वेगळा, दुसऱ्याला सहसा दोन वायरी असतात. तोच मोजायचा. कनेक्टर काढून दोन पिनांमध्ये ओम बघा: २० डिग्रीला साधारण २ ते ३ हजार ओम, ८० डिग्रीला ३०० च्या आसपास. कोकणातल्या सकाळच्या २८-३० डिग्रीला दीड-दोन हजारांच्या मध्ये काही तरी दिसेल. गरम इंजिनावरही हजारच्या वर आकडा असेल तर सेन्सर इंजिन थंड असल्याचं सांगतोय, बदला.

बटरफ्लाय किती उघडी ते सांगणाऱ्या थ्रॉटल पोझिशन सेन्सरला पेडल सोडलेलं असताना साधारण ०.५ ते ०.९ व्होल्ट आणि पूर्ण दाबल्यावर ४ च्या वर हवेत, मध्ये कुठे उडी नको. सोडलेल्या पेडलला एक व्होल्टच्या वर दिसला तर ईसीएमला वाटतं पाय पेडलवर आहे, आणि तो स्लोकडे लक्षच देत नाही.

मोजताना वायरीला सुई टोचू नका. पिन कनेक्टरच्या मागून सरकवा. टोचलेल्या भोकातून खारी हवा तांब्यापर्यंत जाते आणि सहा महिन्यांत वायर आतल्या आत हिरवी होऊन तुटते. कनेक्टरच्या पिना हिरव्या दिसल्या तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि ब्रश. पॉलिश पेपरने घासलं तर मुलामा जातो आणि गंज दुप्पट वेगाने धरतो. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरासारख्या पाण्यात बुडून धुतलेली जुनी गाडी कुणी विकत घेतली असेल तर तिच्या बाबतीत सेन्सर बदलण्याआधी प्रत्येक कनेक्टर उघडायचाच.

अर्थिंगही इथेच उरका. हेडलाइट लावून, इंजिन सुरू ठेवून बॅटरीची वजा आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यामध्ये व्होल्ट मोजा. ०.२ च्या वर आला तर अर्थिंगची पट्टी गंजलीय. चार्जिंग १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असावं. बॅटरी भुकेली असेल तर काही ईसीएम मुद्दामच स्लो उचलून धरतात. एसीचा स्विच बंद असूनही कॉम्प्रेसरचा क्लच फिरत असेल तर तेही तसंच कारण.

गॅस किट असेल तर एक सोपी फोड: पेट्रोलवर स्लो ठीक आणि गॅसवर जास्त, तर दोष किटच्या मिक्सर-रेग्युलेटरमध्ये. दोन्हीवर जास्त, तर वरच्या पायऱ्या.

कार्बोरेटर, आणि आता स्क्रू

कार्बोरेटरवर फळी पूर्ण नाही, अर्धीच सरकवा. अर्धं तोंड झाकल्यावर इंजिन गुदमरण्याऐवजी सुधारलं तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे खालून हवा शिरतेय. सगळ्यात आधी कार्बोरेटरखालचा काळा उष्णतारोधक ठोकळा बघा. नट एका बाजूने जास्त आवळले की तो वाकतो आणि फट पडते. नवा बसवताना नट आलटून-पालटून, थोडे थोडे.

चोकची केबल डॅशबोर्डला आत दाबलेली दिसते पण कार्बोरेटरपाशी अर्धवट ओढलेली राहते, डोळ्यांनी खात्री करा. चोक थोडा ओढला गेला की फास्ट आयडलचा (थंड इंजिनाचा स्लो वाढवणारा) कॅम थ्रॉटल उचलून धरतो. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल आहे का तेही पाहा. टायमिंग पुढे सरकलेलं असेल तर टायमिंग लाइटने जागेवर आणून मगच पुढे जा.

हे सगळं निस्तरल्यावर स्क्रू. फिरवण्याआधी पांढऱ्या रंगाने किंवा नेलपॉलिशने सध्याची जागा खुणावून ठेवा. इंजिन गरम, एअर फिल्टर बसवलेला, सगळा भार बंद. मिश्रणाचा स्क्रू अगदी हलक्या हाताने टेकेपर्यंत आत, जोर दिला तर सुईच्या टोकाला कंगोरा पडतो. तिथून दोन फेरे बाहेर, ही सुरुवात. वेगाच्या स्क्रूने ९०० लावा. मग मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत वेग जास्तीत जास्त कुठे होतो ते शोधा, तिथून किंचित आत, म्हणजे पातळ बाजूला. वेग पुन्हा ठरलेल्या आकड्यावर. दोन स्क्रू एकमेकांना हलवतात, त्यामुळे दोन-तीनदा करावं लागतं. पीयूसीही स्लोवरच मोजतात, त्यामुळे हे झाल्यावर लगेच पीयूसी करून घ्या. कार्बन मोनॉक्साइडचा आकडा तुमच्या कानापेक्षा खरं बोलतो. एमपीएफआय गाडीच्या बटरफ्लायचा स्क्रू मात्र कंपनीने रंगाने बंद केलेला असतो, त्याला हात नाही.

डिझेलबद्दल

जुन्या जीप, सुमोसारख्या मेकॅनिकल पंपाच्या डिझेलला वेग हवेने नाही, पंपातल्या डिझेलने ठरतो. त्यामुळे वरची नळ्यांची झडती तिथे लागू नाही. केबल, पंपावरच्या लिव्हरची स्प्रिंग आणि थंडीत स्लो उचलणारी यंत्रणा एवढं तपासा, पंपाचं सील तोडू नका, ते काम पंपवाल्याचं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. टर्बो डिझेल उभ्या उभ्या आपोआप वेग घेत सुटलं आणि मागून निळा-पांढरा धूर निघाला तर ते टर्बोतून गळणारं इंजिन ऑइल जाळतंय. चावी काढून ते थांबत नाही. मॅन्युअल गियरच्या गाडीत ब्रेक पूर्ण दाबा, सगळ्यात वरचा गियर टाका आणि क्लच झटकन सोडा, इंजिन भाराखाली बंद पडतं. बोनेट उघडून वाकू नका. जमलं नाही तर गाडीतली माणसं उतरवा आणि लांब उभे राहा.